शरदाचा पिवळा

आश्विन लागला की नवलाख उंबऱ्याच्या शिवारात एकाच वेळी तीन रंग दिसतात. हळवं भात पिकून लोंब्यांच्या भाराने वाकलेलं असतं, निमगरव्याचा दाणा दुधातून घट्ट होत असतो आणि खोलगट खाचरांतलं गरवं अजून हिरवंगार असतं. तळेगाव दाभाड्याहून उत्तरेला यायचं, एमआयडीसीचे रुंद रस्ते आणि कंटेनरची वर्दळ ओलांडायची आणि कारखान्यांच्या शेडच्या पलीकडे जे शिवार उरलंय ते बघायचं. बांधावर बसून एकच रोप निरखलं तर दिसतं की पिवळेपणा खालून वर चढतोय. बुडाजवळची जुनी पानं आधी पिवळी पडतात, मग त्यांच्या वरची. लोंबीला लागून असलेलं शेंड्याचं पान सगळ्यांत शेवटपर्यंत हिरवं राहतं.

शरद म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या व्हरमाँटची नाहीतर क्योटोची लाल-नारिंगी झाडं येतात. आपल्याकडची झाडं पानं गाळतात ती शिशिरात, पार फाल्गुनापर्यंत. त्यामुळे आपल्या शरदाला चांदणं आहे, निळं आकाश आहे, पण पानांचा रंग नाही असा समज होऊन बसलाय. तो खरा नाही. व्हरमाँटच्या पिवळ्या पानात जे घडतं तेच मावळातल्या भातात घडतं. तिकडे ते डोक्यावर घडतं आणि इकडे कमरेइतक्या उंचीवर, म्हणून आपण त्याला शरदाचा रंग न म्हणता ‘पीक तयार झालं’ एवढंच म्हणतो. आणि ते म्हणणं व्हरमाँटच्या कौतुकापेक्षा जास्त खोल आहे, असं मला वाटतं.

आधी हे बघू, की भाताला शरद आल्याचं कळतं कसं. मावळात जूनमधला मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. 22-23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र बरोबरीत येतात आणि तिथून रात्र वाढत जाते. हा फरक आपल्या लक्षातही येत नाही, पण जुन्या गावरान भाताच्या, विशेषतः गरव्या वाणांच्या पानांना तो नेमका कळतो. पान रात्रीची लांबी मोजतं. रात्र पुरेशी लांबली की पानातून एक निरोप देठामार्गे शेंड्याकडे निघतो : आता नवी पानं बास, फुलायला घ्या. असा काहीतरी निरोप असणार, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चायलाख्यान यांनी 1930च्या दशकातच सांगितलं होतं. तो निरोप म्हणजे नेमकं काय, हे मात्र पुढची सत्तर वर्षं कोणाला सापडत नव्हतं. 2007 साली जपानी शास्त्रज्ञांनी तो भातातच पकडून दाखवला. एक छोटंसं प्रथिन पानात तयार होतं आणि शेंड्यापर्यंत प्रवास करतं. म्हणजे फुलायचा निर्णय पान घेतं, आणि तो घेताना स्वतःच्या शेवटाचीही सुरुवात करून देतं.

मग भात पोटरीत येतो, निसवतो आणि फुलतो. भाताचं फूल बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, कारण त्याला पाकळ्याच नसतात. सकाळी ऊन जरा वर आलं की लोंबीवरच्या एकेका दाण्याची दोन हिरवी टरफलं किंचित उघडतात आणि आतून बारीक दोऱ्यांवर सहा फिकट पिवळे पुंकेसर बाहेर लोंबतात. बोटाने नुसतं टिचकवलं तरी पिठासारखा पराग उडतो. तासाभरात टरफलं पुन्हा मिटतात, पुंकेसर बाहेरच वाळून जातात. त्या एवढ्याशा वेळात दाणा ठरतो. पुढचा महिनाभर रोप फक्त तो भरत राहतं.

या महिन्यात पानात जे चालतं ते मला दरवर्षी थक्क करतं. जुना वाडा उतरवताना आधी सागवानी तुळया, कोरीव दारं, चौकटी जपून काढून घेतात आणि मगच भिंतींना हात लावतात. भाताचं पान स्वतःला तसंच उतरवतं. पानात सर्वांत जास्त असतं ते हवेतला कार्बन पकडणारं प्रथिन. उन्हाळी नांगरट, शेणखत, जुलैतली आवणी, चिखलात दिवसभर वाकलेल्या पाठी, या सगळ्यांतून रोपाने जो नत्र मिळवला त्याचा मोठा भाग या प्रथिनात साठलेला असतो. पान ते प्रथिन तोडतं, त्याचे सुटे तुकडे करतं आणि लोंबीकडे रवाना करतं. दाण्यातल्या नत्राचा मोठा वाटा असा पानांनी स्वतःला उतरवून पाठवलेला असतो. आपल्या ताटातल्या भाताला जे काही बळ आहे ते आधी पानात होतं.

आणि हिरवेपणा? तो जातो कुठे? हा प्रश्न शाळकरी वाटतो, पण 1991पर्यंत जगात कोणाकडेही त्याचं उत्तर नव्हतं. दर शरदात पृथ्वीवरून हिरव्या रंगाचा एवढा मोठा साठा नाहीसा होतो की तो बदल अवकाशातूनही दिसतो, आणि त्याचं पुढे काय होतं हे माहीतच नव्हतं. त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये फिलिप माटिल आणि बर्नहार्ड क्रॉइटलर यांच्या गटाला पहिला धागा सापडला. तो सापडला बार्लीच्या पानात, म्हणजे भाताच्याच तृणकुळात. उत्तर असं की हरितद्रव्य नुसतं विरून जात नाही, पान ते जाणीवपूर्वक वाटावं इतक्या शिस्तीने मोडतं. कारण प्रथिनांच्या आधाराविना सुटं झालेलं हरितद्रव्य धोक्याचं असतं. ते ऊन झेलतच राहतं आणि त्या ऊर्जेने पेशी भाजून निघतात. म्हणून रोप त्याचे एकेक बंध तोडत त्याला पार रंगहीन करून टाकतं आणि पेशीच्या कोठीत ठेवून देतं. निम्मं काम होईपर्यंत पानच मेलं तर दाणा पोचट राहील, म्हणून एवढी काळजी.

हिरवं असं काढून घेतलं की मागे उरतं ते पिवळं. ते नवीन आलेलं नसतं. आषाढात, श्रावणात, पान सर्वांत गर्द असताना ते आतच होतं, हिरव्याच्या आड. त्यात मुख्य असतं ल्युटीन नावाचं द्रव्य. पानात त्याचं काम दुहेरी आहे. थोडा उजेड ते हरितद्रव्याला मिळवून देतं, आणि ऊन फार झालं की जास्तीची ऊर्जा स्वतःवर घेऊन ती निरुपद्रवी उष्णतेत घालवतं. राखण करणारं द्रव्य आहे ते. सगळं आवरून होईपर्यंत ते मागे थांबतं, आणि आपल्याला शरदाचं सोनं म्हणून दिसतं.

आता खाचरातून घरात येऊ. त्याच आश्विनात, प्रतिपदेला, मावळातल्या घराघरांत घट बसतात. पत्रावळीवर शेतातली माती, तिच्यात गहू किंवा सात धान्यं, मध्ये पाण्याने भरलेला घट, वर रोज एक माळ. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात आणि नवव्या माळेपर्यंत वीतभर होतात. ते हिरवे नसतात. पिवळे असतात, काही तर अगदी केशरी झाक असलेले. लहानपणी आम्हाला सांगायचे, देवीचा रंग चढलाय त्यांना. त्या सांगण्यावर माझी आजही श्रद्धा आहे, आणि त्यामागचं कारण कळल्यावर ती वाढली.

फुलणाऱ्या कोणत्याही वनस्पतीला हरितद्रव्य तयार करायचं तर त्याची शेवटाकडची एक पायरी उजेडाशिवाय पार पडत नाही. अंधारात ते काम त्या पायरीवर येऊन थांबून राहतं. पिवळी द्रव्यं मात्र अंधारातही तयार होतात, ल्युटीन त्यांत प्रमुख. उजेड अजून आलेला नाही, पण आला तर सोसता यावा म्हणून राखणदार आधी हजर. म्हणजे देवघरातला पिवळा हिरव्याच्या आधीचा आहे आणि खाचरातला पिवळा हिरव्याच्या नंतरचा, आणि दोन्हीकडे द्रव्य तेच. एका गावात, एका पंधरवड्यात, घरात रोपाचा जन्म आणि शेतात रोपाचा शेवट एकाच रंगात उभे असतात. मावळातल्या बायकांनी हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकलेलं नाही. त्यांनी घटही मांडला, भाताची कापणीही केली. दसऱ्याला घटातलं धान देवाला वाहून पुरुषांच्या टोपीत, पागोट्यात आणि बायकांच्या केसांत खोवलं जातं. या वर्षी त्यातले चार कोंब मुळांसकट खिडकीत उन्हाला ठेवून बघा. दिवसभरात हिरवे व्हायला लागतील.

दसऱ्याच्या तोरणात झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या. झेंडूचा रंगही ल्युटीनचाच. औषध कंपन्या ल्युटीन काढतात ते मुख्यतः झेंडूच्या पाकळ्यांतून. आणि हे आपल्या देवीचं, खंडोबाचं इतकं आपलंसं फूल मूळचं मेक्सिकोचं आहे. तिकडच्या लोकांच्या हातूनही ते शरदातच वाहिलं जातं. 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथले लोक गेलेल्या माणसांसाठी घरात आणि थडग्यांवर झेंडूच्या राशी घालतात, पितरांना घराची वाट दिसावी म्हणून. आपला पितृपक्ष भाद्रपदात आटोपलेला असतो आणि लगेच घट बसतात. समुद्रांपलीकडच्या दोन समाजांनी पिकं हाताशी येण्याच्या दिवसांत आधीच्या पिढ्यांची आठवण काढावी आणि त्या आसपास तेच पिवळं फूल हातात धरावं, याला मी निव्वळ योगायोग म्हणायला तयार नाही. धान्य घरात येताना ज्यांनी ही जमीन हाती दिली ती माणसं आठवतातच. खंडेनवमीला, दसऱ्याला नवलाख उंबऱ्याच्या आसपासच्या कारखान्यांत यंत्रांनाही झेंडूचे हार पडतात. ज्यांच्या वाडवडिलांनी विळ्या-कोयत्याची पूजा केली त्यांची मुलं आज सीएनसी मशीनला हळदकुंकू लावतात. मला त्यात काही विसंगत वाटत नाही. हाताला काम देणाऱ्या वस्तूपुढे वाकायची रीत आहे, वस्तू बदलली एवढंच.

हा पिवळा आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते कळलं तेव्हा मी वाचत होतो ते पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक छोटा ठिपका असतो, पीतबिंदू. वाचायचं, चेहरा ओळखायचा, सुईत दोरा ओवायचा तर नजर त्या ठिपक्यावर येते. तो पिवळा का, याचं उत्तर 1985मध्ये अमेरिकेतल्या बोन आणि लँडरम या शास्त्रज्ञांनी दिलं : तिथे ल्युटीन आणि त्याचं जुळं भावंड झिॲझँथिन साठलेलं असतं. आपलं शरीर यातलं काहीही तयार करू शकत नाही. ते येतं फक्त अन्नातून. मेथी, शेपू, पालक, मका, अंड्याचा बलक. पोटातून रक्तात, रक्तातून डोळ्यात, आणि तिथे नेमक्या त्या ठिपक्यावर. आणि तिथे ते काय करतं? प्रखर निळा उजेड शोषून घेतं, पेशी भाजू देत नाही. पानात करायचं तेच काम.

बांधावर उभं राहून पिकलेल्या खाचराकडे बघताना पानातलं द्रव्य पानातल्याच द्रव्यातून बघितलं जात असतं. यापुढे ‘निसर्ग आणि माणूस’ असे दोन शब्द वेगळे लिहायला माझा हात अडखळतो. कृतज्ञता ही मनात आणायची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. पण आपण कोणाचे तरी ऋणी आहोत हे आपल्या डोळ्यात आधीच भरून ठेवलेलं आहे, आणि तेही दिसतं त्या जागेच्या अगदी मध्यावर.

कोजागिरीला मात्र हा पिवळा दिसत नाही. मावळात तोवर पाऊस बहुधा मागे सरलेला असतो. पश्चिम राजस्थानातून तो साधारण 17 सप्टेंबरला माघारी फिरतो आणि पुण्याकडून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ धुतलेली असते, आकाश इतकं स्वच्छ पुन्हा वर्षभर मिळत नाही. मसाला दूध हातात घेऊन शेताकडे गेलं तर चांदण्यात बांध दिसतो, लोंब्या दिसतात, पण सोनं दिसत नाही, सगळं राखाडी-रुपेरी. पूर्ण चंद्राचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशा उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी काम थांबवतात आणि अंधुक उजेडाच्या पेशी काम घेतात. पीतबिंदूच्या ऐन मध्यात त्या दुसऱ्या पेशी नसतातच. म्हणून चांदण्यात एखादी गोष्ट नीट बघायची तर तिच्याकडे रोखून न बघता किंचित बाजूला बघावं लागतं. अंधुक तारा असाच दिसतो. भक्तीबद्दलही अनुभवी माणसं असंच काहीसं सांगतात, पण ते त्यांच्याच तोंडून ऐकावं.

पुढे वसुबारस. भाताचा पेंढा आणि बांधावरचं गवत गाईच्या पोटात जातं आणि गवतातला पिवळा-केशरी रंग तिच्या तुपात उतरतो, म्हणून गाईचं तूप पिवळं. म्हशीच्या शरीरात तो रंग जीवनसत्त्वात बदलून जातो, म्हणून तिचं तूप पांढरं.

भाताच्या वासाबद्दल न लिहिता हा लेख संपवला तर मावळची माणसं माझ्याशी बोलणार नाहीत. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली इंद्रायणी हा वाण आला. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांचा संकर. आंबेमोहराचा वास आणि आयआर 8चं भरघोस उत्पन्न. सुगंधी भाताच्या वासाचं कारण विलक्षण आहे. भातात एक जनुक असतो, त्याचं काम एका द्रव्याचं रूपांतर करणं. सुवासिक वाणांत तो जनुक बिघडलेला असतो. काम होत नाही, ते द्रव्य साठतं आणि त्यातून सुगंध तयार होतो. आणि दाणा भरताना हवा थंड असेल तर हा सुगंध जास्त टिकतो. आश्विन-कार्तिकात मावळात पहाटे दव पडायला लागतं, घाटमाथ्यावरून गार वारा उतरतो. ती पहाट दाण्यात मुरते. डिसेंबरात कुकरची शिटी झाली की शेजाऱ्यांना कळतं, नवा तांदूळ आला. तो शरदाचाच वास असतो.

या सगळ्या आनंदाला इथल्या मातीत एक दुसरी बाजू आहे आणि ती वगळली तर कृतज्ञता स्वस्त होईल. नवलाख उंबऱ्याच्या आसपासचा हा टापू तुकोबांचा. देहू जवळ, भंडारा डोंगर जवळ, भामचंद्राचा डोंगर जवळ, संताजी जगनाड्यांचं सुदुंबरे जवळ. 1630च्या सुमाराला दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला त्यात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले. शरद तेव्हाही आला असणार. आकाश निळं झालं असणार, चांदणंही पडलं असणार. खाचरं मात्र रिकामी. त्यानंतर त्यांनी घरची कर्जखतं इंद्रायणी नदीत सोडली आणि भंडाऱ्याची वाट धरली, ही कथा इथल्या प्रत्येक वारकऱ्याला पाठ आहे. ज्या डोंगरावरून ते खाली बघत होते तिथून आजही भाताची खाचरं दिसतात. पिकलेलं खाचर ही गृहीत धरायची गोष्ट नाही, हे या भागाने फार मोठी किंमत देऊन शिकलंय. परतीचा पाऊस ऐन कापणीत कोसळतो तेव्हा आजही ते नव्याने कळतं. कडपे पाण्यात तरंगतात, दाण्याला जागेवरच कोंब फुटतात आणि चार महिन्यांचं काम दोन तासांत काळं पडतं.

म्हणून मावळातल्या गावोगावच्या देवळांत कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे जो काकडा चालतो त्याला मी या सगळ्याचं शिखर मानतो. महिना कापणीचा असतो, अंगं मोडून आलेली असतात, झोप अपुरी असते. तरी अंधारात घोंगडी पांघरून माणसं देवळात येतात, टाळ-पखवाज सुरू होतो, देवाला उठवतात आणि उजाडता उजाडता विळा घेऊन खाचरात उतरतात. पीक हाती आल्यावर आभार मानायचे, असं ते करत नाहीत. पीक अजून उभं असताना, पाऊस येईल की नाही हे माहीत नसताना ते सुरू करतात.

रोपाला यातलं काही कळत नाही. पान देतंय हे पानाला माहीत नाही. ते कळून घेणं माणसाच्या वाट्याला आलेलं काम आहे, आणि मावळात ते पहाटे चारला सुरू होतं.

बघायला यायचं असेल तर दसरा ते दिवाळी या दिवसांत या. दिवाळीनंतर बहुतेक खाचरं रिकामी होतात आणि दरवर्षी त्यांतली काही प्लॉट होऊन विकली जातात. गाडी रस्त्यालाच ठेवा, खाचरात शिरू नका, बांधावरूनच चाला, बांधावर सोनकी फुललेली असेल तर तीही तुडवू नका. शेतात कोणी असेल तर ‘रामकृष्णहरी’ म्हणा आणि विचारून बसा. आणि जाताना नवा तांदूळ तयार झाल्यावर कधी येऊ, हे त्यांनाच विचारून ठेवा, भाव न पाडता.